ओली फडकी

१

माझा धंदा पुतळ्यांचा. कोल्हापुरात या धंद्याला मंदी म्हणून नाही, कारण मोठी माणसं मरत राहतात आणि मागं उरलेल्या छोट्या माणसांना हार घालताना फोटो काढायला काहीतरी उभं लागतं. उद्यमनगरच्या मागच्या बोळात माझं पत्र्याचं शेड आहे. तिथं मी आजवर कितीतरी थोरांची पोटं आत घेतली, नाकं सरळ केली, आणि आयुष्यभर वाकून चाललेल्यांच्या माना ताठ केल्या. लोक मला आण्णा म्हणतात. समोर आण्णा म्हणतात, मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

सकाळचं काम ठरलेलं. चहाच्या आधी शेडात जायचं आणि मातीवरची फडकी ओली करायची. पुतळा आधी मातीत होतो. साचा निघेपर्यंत ती माती ओली राहायला हवी, नाहीतर भेगा पडून चेहऱ्याचं वाटोळं होतं. म्हणून जुनी धोतरं, जुनी लुगडी पाण्यातून पिळून काढायची आणि डोक्यापासून छातीपर्यंत गच्च गुंडाळायची. जन्मभर हेच केल्यानं हात आपोआप चालतात. त्यामुळं फडक्यात काहीतरी चुकतंय हे त्या दिवशी आधी हातांना कळलं, मला नंतर.

साल दोन हजार तीन. ऑर्डर आजऱ्याच्या पलीकडच्या एका गावाची होती. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची जाहिरात मी का करावी? नव्याण्णव साली वर लढाई झाली तेव्हा या गावची पोरं एकाच पलटणीच्या चार्ली कंपनीत होती. बर्फातल्या एका कड्यावर कंपनी अडकली आणि गावची चार पोरं तिथंच गेली. पाचवा, प्रसेनजीत कांबळे, बेपत्ता झाला. चौघांच्या शवपेट्या गावात आल्या त्या दिवशी पुढाऱ्यांच्या गाड्या लावायला लोकांनी उभी पिकं कापून रानं मोकळी केली म्हणे. मग चार वर्षं सगळं गप्प. निवडणूक जवळ आली तसा गावाला स्मारकाचा उमाळा आला.

पाच अर्धपुतळे, ब्राँझचे. मी शेडात ओळीनं पाच स्टँड उभे केले. खाली पाट, मध्ये लोखंडी पाइप, वर माती धरायला तारेनं बांधलेल्या लाकडी फुल्या. चौघांवर माती चढली, चेहरे येऊ लागले. पाचवा स्टँड प्रसेनजीतसाठी नुसताच उभा होता, आणि तेवढ्यात चेअरमन आले.

२

पिराजीराव गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. स्मारक समितीचेही चेअरमन, कारण गावात खुर्ची म्हणून जी काही आहे तिच्यावर हेच बसतात. पांढरी पँट, पांढरे बूट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. मी एक पाऊल मागं सरकून उभा राहिलो.

"पाचवं न्हाय करायचं, आण्णा," ते म्हणाले.

"का?"

"तेची बॉडी कुटं घावलीया? समदी वर मरायल्यात आणि ह्यो सामान घिऊन खालनं निघाला तो निघालाच. पळून गेला आसंल. कोण म्हणतंय नेपाळात हाटेल टाकलंय."

"कोण म्हणतंय?"

"म्हणत्यात की लोकं."

"आणि त्याच्या आईला काय सांगायचं?"

"ती लोकं करतील की तेंच्या वस्तीत तेंचं ते येगळं," चेअरमन म्हणाले. म्हणताना दात कोरत होते.

मग त्यांनी खिशातून एक फोटो काढला. गुबगुबीत गाल, जाड मान, डोक्यावर भलाथोरला फेटा. हे त्यांचे कैलासवासी वडील, ज्ञानू तात्या. पाचव्या स्टँडवर तात्या बसवायचे होते.

"तात्या लढाईत होते?"

"लढाईचं काय घिऊन बसलाय? देशासाठी झटलं की."

तात्यांची देशसेवा मला चेअरमनांच्याच ड्रायव्हरनं बाहेर विडी ओढताना सांगितली होती. तरुणपणी भरतीवाले गावात आले तेव्हा तात्या उसात जाऊन लपले, आणि भाकरी पोचवायला बायकोला सांगून गेले. अशा माणसाला चार मेलेल्या जवानांच्या शेजारी बसवायचं.

तरी मी हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर सगळंच काम सिमेंटचे पुतळे पाडणाऱ्या एका गृहस्थाकडं गेलं असतं. त्याच्याकडं एकच मिशी आणि एकच चेहरा आहे, तो सगळ्यांना तोच लावतो. चौघांना मी त्याच्या हाती देणार नव्हतो.

"फेटा मातुर झकास हुंदे," जाताना चेअरमन म्हणाले. "उघड्या डोस्क्याचा बाप आमी चौकात बसवणार न्हाय."

३

तात्यांवर माती चढवायला मला फार वेळ लागला नाही. असले चेहरे माझ्या हातांना पाठ आहेत. फेटा चढवला, ओलं फडकं गुंडाळलं, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्याला हात घातला तर ते वाकेना. पाचही पुतळ्यांवरची फडकी पत्र्यासारखी ताठ. ओढलं तर करकर वाजलं. मार्च संपत आला होता, बोळातली कुत्री सकाळपासून सावली शोधत होती, आणि माझी बोटं दुखायला लागली होती. गारठ्यानं दुखतात तशी. मातीत अंगठा दाबला, तो आत जाईना.

मी आधी स्वतःला शिव्या घातल्या. बादलीत प्लॅस्टर सांडलं असणार आणि त्याच पाण्यात मी फडकी पिळली असणार, दुसरं काय? नवी बादली आणली, फडकी बदलली. जुनी फडकी दाराशी टाकली होती ती थोड्या वेळानं पाहिली तर मऊ पडून पाण्यात भिजलेली. प्लॅस्टर एकदा धरलं की परत मऊ होत नाही. हे मला कळत होतं, पण मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष करायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडं भरपूर आहे.

आणखी एक झालं होतं. तात्यांचा फेटा पडला होता. पाटावर मातीचा गोळा, आणि वर नुसतं ओबडधोबड डोकं. फेट्याची माती जड, ती एखादवेळ सुटते. मी तार घालून पुन्हा चढवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा पडलेला. जाड तार घातली. तीही वाकवून फेटा खाली. चौघांच्या टोप्या मात्र जिथल्या तिथं.

दुपारी शेजारच्या वर्कशॉपातलं मशीन जेवणासाठी बंद होतं तेव्हा शेडात शांतता होते. त्या शांततेत मला आवाज ऐकू आला. बारीक, भरभर, थांबून पुन्हा सुरू होणारा. टकटक नव्हे, कटकट नव्हे. मी उंदीर शोधले, पत्र्याचे नट आवळले, माळ्यावर चढलो. आवाज फडक्यांखालून येत होता. मी पहिल्या पुतळ्याजवळ कान नेला. लहानपणी पंचगंगेत थंडीत बुड्या मारून बाहेर आल्यावर आमचे दात असेच वाजायचे.

मी रेडिओ लावला आणि मोठा केला.

४

रविवारी कृष्णात यायचा. कृष्णात म्हणजे त्या कड्यावरून जिवंत खाली आलेला हवालदार, आता कोल्हापुरात एका बँकेच्या दाराशी बंदूक घेऊन बसणारा. उजव्या हाताच्या बोटांचे शेंडे बर्फात गेलेले. चौघांचे चेहरे जुळतात का ते पाहायला मी त्यालाच बोलवत होतो. समितीवाले फक्त मिशा पाहायचे.

त्या रविवारी त्यानं चौघांना नीट पाहिलं, एकाची हनुवटी बारीक करायला सांगितली. मग मी फडकी पिळून गुंडाळायला लागलो. पहिल्याच फडक्याला त्यानं माझं मनगट धरलं.

"वलं नका घालू, आण्णा."

"अरे, माती फुटेल."

"फुटूदे. पर वलं नका घालू."

मी बाकावर जागा करून दिली, चहा मागवला. चहा तसाच राहिला.

"गोळीनं लई कमी मेली वो," तो म्हणाला. "दिसा पाऊस आन् बरफ, दोन्ही बी. कापडं चिंब. रातच्याला तीच कापडं अंगावर गोठायची. हलायचं न्हाय, वरनं दिसतंय. इस्तू पेटवायचा न्हाय. नुसतं पडायचं आन् एकमेकाचं दात वाजल्यालं ऐकायचं. ज्येचं वाजायचं थांबलं, त्यो गेला." त्यानं आपली बोटं पाहिली. "मी रायफलीला उगडा हात लावला हुता. लोकंड सोडंना. कातडं तितंच ऱ्हायलं माजं."

चौघं आमच्याकडं पाहत होते, म्हणजे मी केलेल्या डोळ्यांनी.

"आणि प्रसेनजीत?"

"तेला खालनं कोरडी कापडं घिऊन धाडलंता. समदी म्हणत्यात पोचलाच न्हाय." कृष्णातनं शर्टाच्या आतल्या खिशातून एक तपकिरी कानटोपी काढली, लोकरीची, बाजारात मिळते तसली. "मला खाली आणलं तवा ही माज्या डोस्क्यावर हुती. कोरडी. माजी न्हवं. हितं बगा, निळ्या दोऱ्याचा टाका. तेच्या आईनं घातल्याला, कंपनीत बदलू नये म्हणून."

"म्हणजे तो पोचला होता."

"पोचला हुता. आपल्या डोस्क्यावरची काडून मला घातली. मी सायबाला सांगिटलं, साहेब म्हणलं बर्फात भास हुत्यात. चेअरमनला सांगिटलं, ते म्हणलं टोपी म्हंजे काय पुरावा हाय व्हय."

"त्याच्या आईला सांगितलंस?"

त्यानं टोपीची घडी घातली आणि पुन्हा मोडली. "काय सांगू? तुजं पोरगं उगड्या डोस्क्यानं मेलं आन् मी टोपी घालून जगलो, आसं?"

तो गेल्यावर मी माळ्यावरचं मोठं घोंगडं काढलं आणि चौघांवर मिळून टाकलं, कोरडंच. मूर्तिकारानं असं करणं म्हणजे हातानं काम नासवणं. घोंगडं चौघांनाच पुरलं. तात्यांना मी ओल्या फडक्यातच ठेवलं. फडकं पुरतं पिळलंसुद्धा नाही. उसात लपणाऱ्याला थंडी वाजली तर वाजू दे, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि मला जरा बरं वाटलं.

सकाळी चौघांची माती लोण्यासारखी मऊ होती. एक भेग नाही. त्यांच्या बाजूनं काही आवाजही नव्हता. पाचव्या स्टँडवरून मात्र दिवसभर येत राहिला.

५

आक्काताई आल्या तेव्हा मी तात्यांचा फेटा कितव्यांदा तरी चढवायच्या तयारीत होतो.

"जयभीम," दारातून आवाज आला. "आण्णा मूर्तीवालं हितंच ऱ्हात्यात न्हवं?"

"जयभीम. या की आत."

काटक बाई, पायात रबरी चपला, हातात पिशवी. प्रसेनजीतची आई हे त्यांनी सांगायच्या आधी मला कळलं. त्या चौघांपुढून सावकाश गेल्या, प्रत्येकाला नावानं ओळखलं. "ह्यो माज्या घरात जेवायचा. तेच्या आईला सांगू नको म्हणायचा," एकाबद्दल म्हणाल्या. मग पाचव्यापुढं उभ्या राहिल्या. फडकं ताठ होऊन उभं होतं.

"ह्यो कोण?"

खोटं बोलायची मला लाज वाटली. "चेअरमनांचे वडील. तुमच्या पोराची जागा होती. त्यांनी काढली."

"व्हय. गावात सांगिटलं मला." त्यांचा आवाज चढला नाही. "पळाला म्हणत्यात. माजं पळणारं आस्तं तर पैल्याच सुट्टीला पळालं आस्तं. टरेनिंगात लई मारत्यात म्हणून रडायचं, आन् रजा संपायच्या आदी एक दिस निगायचं. उगडा की, बघू."

मी फडकं काढलं. करकर आवाज झाला तो त्यांनीही ऐकला. तात्यांचे गुबगुबीत गाल आता तसे गुबगुबीत नव्हते. नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या मी केल्या त्याहून काळपट, आखडलेल्या दिसत होत्या. माती वाळली की आखडते. वर फेटा नव्हता, नुसता खडबडीत गोळा.

आक्काताईंनी त्या गोळ्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. माझी बोटं त्याला लागली की ठणकायची.

"गार हाय," त्या म्हणाल्या. मग गोळ्यावर अंगठा फिरवत म्हणाल्या, "तेच्या डोस्क्याला दोन भवरं हुतं. दोन बायका करणार म्हणून समदी चिडवायची. एक बी झाली न्हाय."

"आक्काताई, हे तात्या आहेत. चेअरमनांचे वडील."

"ते दिसतंय की मला. आंधळी न्हाय मी." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, नालायक माणसाकडं पाहतात तसं. "पर डोस्कं उगडं का ठेवलाय?"

त्या गेल्यावर मी ओलं फडकं हातात घेऊन उभा राहिलो आणि मग ते बादलीत टाकलं. घरी जाऊन बायकोची शाल आणली. ती गुंडाळून ठेवली. बायकोनं विचारलं तर म्हणालो, ऑर्डर महत्त्वाची आहे.

आवाज कमी झाला, थांबला नाही. फेटा सकाळी खालीच होता.

६

शेवटी मी धंद्यातली वाट काढली. फेटा वेगळा करायचा, वेगळा ओतायचा, आणि नंतर धडाला वेल्डिंगनं जोडायचा. मोठी कामं अशीच तुकड्यांनी होतात, यात नवल काही नाही.

फेट्याखाली दिसणार काहीच नाही, म्हणून मी तिथं डोकं केलंच नाही. कपाळाच्या रेघेवर माती कापून सपाट केली, साचा घेतला, मेण भरलं, धातू ओतला. प्लॅस्टर फोडल्यावर जे हाती आलं ते तात्याच होते. फोटो शेजारी धरून पाहिला. गाल, मान, सगळं जिथल्या तिथं. वरून उघडं, मडक्यासारखं. मी स्वतः त्या भोकातून आत हात घालून कडा कानशीनं घासल्या आहेत. हात कोपरापर्यंत आत गेला होता. हे मी दहा लोकांसमोर शपथेवर सांगेन.

मग वर फेटा बसवून वेल्डिंग मारलं, सांधा घासून गुळगुळीत केला, पॉलिश केलं. मी ओढून पाहिला. तो हातोड्यानंही निघाला नसता. धातू माझ्या हाताला नेहमीसारखा लागला. मला हलकं वाटलं. मातीचे चाळे मातीत राहिले, असं मी बायकोला सांगितलं आणि शाल परत केली.

एक मेच्या आदल्या संध्याकाळी गावात जाऊन मी पाचही पुतळे चौथऱ्यावर बोल्टनं बसवले. वर मांडव होता, चौथऱ्याला लागूनच स्टेज बांधलं होतं. समितीच्या लोकांनी पुतळ्यांवर पांढरी कापडं टाकली. चौथऱ्याच्या फरशीवर वरती चेअरमनांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात होतं. चौघांची खाली, बारीक. प्रसेनजीतचं नव्हतं.

७

समारंभ सकाळचा होता आणि त्यात जेवढा फालतूपणा असावा तेवढा होता. मंत्री उशिरा आले. शाळेच्या पोरी उन्हात उभ्या राहून घेरी येऊन पडल्या. एकानं भाषणात चार्ली कंपनीला दोनदा चार्ली चॅनेल म्हटलं. चौघांच्या आया मागच्या खुर्च्यांवर, पुढच्या खुर्च्यांवर संस्थेचे डायरेक्टर. आक्काताई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना खुर्ची कुणी दिली नव्हती. कृष्णात गणवेशात मेडल लावून कडेला उभा होता.

मंत्र्यांनी चौघांवरची कापडं ओढली. टाळ्या झाल्या. पाचवं कापड चेअरमन स्वतः ओढणार होते. त्यांनी फोटोवाल्याकडं पाहून मान वळवली, एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्यानं कापड ओढलं.

फेटा नव्हता.

तो चौथऱ्याच्या मागं गवतात पडलेला नंतर सापडला. सांधा कापल्यासारखा साफ सुटला होता. वेल्डिंग कधी कधी दगा देतं, रात्री कुणी कापड टाकताना धक्का दिला असेल. हे सगळं मी नंतर बोललो. त्या क्षणी मी स्टेजच्या पायऱ्यांवर होतो आणि मला वरून दिसत होतं. तिथं भोक असायला हवं होतं. तिथं डोकं होतं. बारीक कापलेले केस, लष्करात कापतात तसे. आणि केसांत दोन भोवरे.

मी डोळे मिटून उघडले तोवर चेअरमन मध्ये आले होते. गावासमोर उघड्या डोक्याचा बाप त्यांना सोसला नाही. त्यांनी झाकायला म्हणून दोन्ही तळहात त्या डोक्यावर दाबले.

ते ओरडले. लोकांना वाटलं घोषणा देताहेत, काहींनी "अमर रहे" म्हटलं. चेअरमन हात ओढत होते आणि हात निघत नव्हते. दोघा डायरेक्टरांनी कमरेला धरून मागं खेचलं तेव्हा ते सुटले. कातडं तिथंच राहिलं. पांढरे बूट आभाळाकडं करून चेअरमन स्टेजवर आडवे झाले.

"भाजलं, भाजलं! उन्हानं धातू तापलाय!" कुणीतरी ओरडलं. डॉक्टरांनीही पुढं तेच सांगितलं. पुतळा आदल्या संध्याकाळपासून मांडवात, कापडाखाली, सावलीत होता. कृष्णात पुढं आला, वाकून चेअरमनांचे हात पाहिले आणि मग स्वतःचे.

"ह्ये भाजल्यालं न्हवं," तो म्हणाला. "मला इचारा."

मग त्यानं सगळ्यांसमोर खिशातून ती कानटोपी काढली आणि खांबापाशी गेला.

"आक्का, ही तेची. मला खाली आणलं तवा माज्या डोस्क्यावर हुती. मी चार वर्सं तुज्यापसनं लपवली."

आक्काताईंनी टोपी उलटी केली, निळा टाका पाहिला. मला वाटलं त्या कृष्णातला मारतील. त्यांनी त्याच्या गालाला हात लावला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकाला तरी पुरली."

त्या स्टेजवर चढल्या. कुणी अडवलं नाही, मंत्री तर केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. त्यांनी ती टोपी पुतळ्याला घातली आणि दोन्ही कानांवरून खाली ओढली, शाळेत निघालेल्या पोराला घालतात तशी. तळहात डोक्यावरून फिरवला. त्यांचा हात चिकटला नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता न्हाय गार लागायचं."

८

चेअरमन बरे झाले. असली माणसं बरी होतात. हातांची कातडी मात्र गुलाबीच राहिली आणि आता ते कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत. समितीनं मला निरोप धाडला की फेटा परत जोडून द्या. मी उलट निरोप धाडला की आधी टोपी काढून ठेवा, मग येतो. टोपी काढायला कुणी पुढं आलं नाही. आमसभेत त्यावर मोठा वाद झाला म्हणे, आणि शेवटी विषय पुढच्या सभेवर ढकलला. फेटा माझ्या शेडात पडून आहे, मी त्यात खिळे ठेवतो.

फरशीवर अजून ज्ञानू तात्यांचंच नाव आहे. पण गावात कुणाला विचारा, पाचवा कोण? लहान पोरंसुद्धा प्रसेनजीत म्हणतात. दर रविवारी कृष्णात एसटीनं जातो आणि आक्काताईंच्या घरी जेवतो.

मी मात्र स्वतःशी हिशोब लावत राहिलो. मी पायऱ्यांवर होतो, ऊन डोळ्यांवर होतं, भोकाची सावली केसांसारखी दिसू शकते. दोन भोवरे आक्काताईंनी माझ्या डोक्यात भरवले होते. टोपी वर उचलून पाहिली की आत भोक आहे का डोकं, ते एका क्षणात कळेल, आणि माझ्यासारख्या शहाण्या माणसानं ते पाहायलाच पाहिजे. म्हणून डिसेंबरात मी मुक्कामाच्या गाडीनं गेलो आणि उजाडताच चौकात उभा राहिलो.

चौघांवर दव पडलं होतं. धातू इतका गार की मी बोट लावून लगेच काढलं. पाचव्याच्या चेहऱ्यावरही दव होतं, नाकावरून थेंब ओघळत होते. मी टोपीची कड धरली. वर उचलणार, तेवढ्यात बोटं आतल्या बाजूला लागली.

टोपी आतून गरम होती. आत्ताच कुणीतरी डोक्यावरून काढून दिलेली टोपी असते तेवढी गरम.

मी ती कड पुन्हा नीट कानाखाली ओढली आणि पहिल्या एसटीनं घरी आलो.